रातांबी रंगाची वाटणी

मी, यमुना काशीराम शिवलकर, वय वर्षे ६९, धंदा ब्युटी पार्लर, राहणार मांडवी, रत्नागिरी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात करून ठेवत आहे. डॉक्टरांनी तपासून शुद्धीचा दाखला दिला आहे. रक्तदाब वाढलेला निघाला, कारण तपासता तपासता त्यांनी माझ्या भाचीची चौकशी केली. "पूर्ण रागात" हे शब्द वकिलांनी काढायला सांगितले होते. मी काढलेले नाहीत.

१. माझे पती बोटीवर खलाशी होते. ते वारले तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. मला मूलबाळ नाही. माहेरी हेदवीला भावजय येसूबाई आणि तिची मुलगी शमिका आहेत. या दोघींना कलम ३ मधली पेटी सोडून माझ्या मिळकतीतलं काहीही मिळू नये. म्हातारी विसरली असेल असं कोणी म्हणायला नको, म्हणून नावं घालून लिहिते.

२. पार्लरचा गाळा, खुर्च्या, आरसे, नवरीचे दागिने भाड्याने देतो ते कपाट आणि बँकेतली ठेव हे सर्व हौसा शिवा गोरिवले, मूळ राहणार तालुका मंडणगड, हिला द्यावं. ती अठ्ठावीस वर्षं माझ्याबरोबर काम करते आहे. तोंडाने फटकळ आहे. दोनदा भांडून घरी निघून गेली आणि दोन्ही वेळा मीच एसटीने जाऊन तिला घेऊन आले. तिच्या हाताला मात्र खोट नाही.

३. शमिका मुंबईत ज्या बड्या कंपनीत आहे, त्या कंपनीने गेल्या दिवाळीत "रातांबा", म्हणजे आपलं कोकमाचं फळ, या नावाचं महागडं कलेक्शन काढलं. लिपस्टिक, नेलपॉलिश, गालाची पावडर, सगळं एकाच गडद लाल रंगात. तो रंग माझा आहे. या जिल्ह्यातल्या नवऱ्या तीस वर्षं माझ्याकडे येऊन "ताई, तुमची रातांबी लावा" म्हणतात. शमिकाने मला त्यातली एक काळी पेटी कुरियरने पाठवली. आत चिठ्ठी होती, की हा रंग कोकणातल्या एका आजीने रातांब्याच्या रसातून घडवला. ती आजी म्हणजे माझी आई. तिने जन्मात विड्याशिवाय ओठाला काही लावलं नाही. पेटी मी वापरलेली नाही. ती शमिकाला परत करावी.

मी फोन केला तर म्हणाली, "आत्ये, ब्रँडला गोष्ट लागते गं. पार्लरवाली आत्या कोण विकत घेणार?" एवढं ऐकून मी फोन ठेवला. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही.

४. आता हेही नोंदवते. शमिकाच्या लग्नात हेदवीला मीच तिला सजवायला बसले होते. ओठ रंगवून झाले, कुंकवाची कोयरी हातात घेतली, आणि भावजय आत आली. "वन्सं, तुमचा हात नको आजच्या दिवशी. तुम्ही माजघरात बसा." शमिका आरशात बघत होती. मुंबईहून आणलेल्या बाईने माझा रंग पुसला आणि गुलाबी लावला. मी माजघरात नारळ मोजत बसले. माझा हात अशुभ, आणि तोच रंग पेटीत भरून विकायला शुभ, हे मला कोणीतरी समजावून द्यावं. माझा भाऊ चार वर्षांपूर्वी गेला. आता येसूबाईंनाही कोणाच्या लग्नात माजघर दाखवलं जात असेल. मला वाईट वाटलेलं नाही.

५. मी गेल्यावर हौसाने माझ्या ओठांना रातांबी लावावी आणि मगच मला न्यावं. विधवेला रंग लावत नाहीत हे मला माहीत आहे, कोणी सांगायला येऊ नये. ज्याला बघवणार नाही त्याने अंगणात उभं राहावं.

६. रंग कसा करायचा हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, हौसालाही नाही. त्यात रातांब्याचा रस थेंबभरही नाही. आगळाचा, म्हणजे त्या रसाचा, रंग पाण्यात उतरतो, तेलात धरत नाही, आणि कोकम तेल निघतं बियांचं, ते पांढरं असतं. शमिकाने माझ्या वाटीत कोकम तेल बघितलं आणि रंग त्याचाच समजून बसली. रातांब्याच्या झाडाखाली खेळून मोठी झालेली मुलगी.

खरं असं आहे. १९९३ च्या मे महिन्यात हौसाचं लग्न होतं. मंडणगडला जाताना एसटीत पत्र्याची पेटी तापली, लिपस्टिका वितळल्या आणि काजळाच्या डबीत ओघळल्या. दुकान जवळ नव्हतं. टाचेच्या भेगांसाठी कोकम तेलाचा गोळा होता, त्यात तो चिखल कालवला आणि तसाच नवरीच्या ओठांना लावला. कुंकवाची वेळ आली तशी मी उठले. बायका कुजबुजत होत्या. हौसाने माझं मनगट धरलं. "तूच लाव गो ताय. बाकीच्यांनी भायेर जावा." मी लावलं. एवढ्या वर्षांत दुसऱ्या कुणी तसं म्हटलं नाही.

कृती: सुपारीएवढं कोकम तेल, त्याच्या निम्मं मधमाशीचं मेण, गडद लाल लिपस्टिक दोन भाग, तपकिरी एक भाग, घरचं काजळ काडीच्या टोकावर राहील तेवढं. वाटी गरम पाण्यात ठेवून वितळवावं, विस्तवावर धरू नये. डबीत ओतून एक दिवस हलवू नये.

हे मृत्युपत्र मी निबंधकांच्या कचेरीत नोंदवणार आहे. मी जिवंत असेतो त्याची नक्कल दुसऱ्या कोणाला मिळत नाही. मेल्यावर जो अर्ज करील त्याला मिळते, हे वकिलांना दोनदा विचारून घेतलं आहे. म्हणजे मी गेले की ही कृती अर्ज करणाऱ्या कुठल्याही बाईची. शमिकालाही मिळेल. तिने अर्ज लिहावा आणि बाकीच्या बायकांच्या मागे रांगेत उभं राहावं.

वरचा मजकूर मला वाचून दाखवला. तो माझ्याच बोलण्याप्रमाणे आहे. साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण: रत्नागिरी
तारीख: १२ मे २०२५

सही: यमुना काशीराम शिवलकर

साक्षीदार:
१. विनीत अनिल भाटकर, मांडवी, रत्नागिरी
२. नम्रता सुजय पावसकर, मांडवी, रत्नागिरी