लिलावात गेलेलं गाऱ्हाणं

॥ श्री रामेश्वर प्रसन्न ॥

बेंगळुरू,
३ एप्रिल २०२५

ती. उर्वशीताईस,
प्रितेशचा सा.न.वि.वि.

वरची अक्षरं बाबांनी शिकवली होती तशी घातली आहेत. चुकली असतील तर तुझ्या अंगणवाडीतल्या पोराचा धरतेस तसा कान धर. नववी नापास माणसाकडून याहून शुद्ध काही निघायचं नाही. आई माझा फोन उचलत नाही, पण पत्र वाचून दाखवलं तर भांडी घासता घासता ऐकते, असं तू म्हणालीस म्हणून हे पोस्टाचं पाकीट. हे वाचताना तिच्याकडे बघू नकोस, नाहीतर ती उठून जाईल.

बातमी बरी नाही. आमची कंपनी बुडाली. आईला अजून वाटतं मी इथे कॉम्प्युटर दुरुस्त करतो, तर तिला परत एकदा सांग, की मी खेळ मोडायचं काम करतो. मोबाइलवरचा नवा खेळ दिवसभर खेळायचा, भिंतीत घुसायचं, पाण्यावर चालून बघायचं, आणि खेळ कुठे फाटतो ते वरच्यांना सांगायचं. असं काम करणारे आम्ही चाळीसएक जण. मागच्या सोमवारी कोर्टाने नेमलेला एक गृहस्थ आला. सगळ्यांना उभं करून म्हणाला, की कंपनी आता एक राहिलेली नाही. बेंगळुरूचा स्टुडिओ वेगळा विकणार, पुण्याचा वेगळा, आणि खेळांची नावं, चित्रं, आवाज, हे तिसऱ्यालाच.

ताई, मला आपला धक्का आठवला. जाळं सोडवलं की सुरमई एका पाटीत, बांगडा दुसरीत, आणि उरलेली बारकी कुटी खतवाल्याला. आमचा ‘सात गलबतं’ हा खेळ म्हणजे सुरमई. त्याच्यावर सगळ्यांची नजर. मी कुटी. सुशांत सर, म्हणजे आमचे मोठे साहेब, ते पण कुटीच निघाले, पण त्यांना अजून वास आलेला नाही.

एकच गोष्ट डोक्यात फिरते. ‘सात गलबतं’मध्ये बाबांचा आवाज आहे. तो पण पाटीत जाणार का?

आंबे आले असतील. पाठवू नकोस, इथे कोण कुठे असेल सांगता येत नाही. आईच्या पायांवर माझं डोकं ठेव, ती ठेवू देईल तर.

तुझी माया आटली नसेल असं धरून,
प्रितेश


विजयदुर्ग,
१९ एप्रिल

चि. प्रितेश यास,
उर्वशीचे अ.आ.

तुझं पत्र भांडी घासून झाली तरी संपलं नव्हतं, म्हणून आईने तीच पातेली परत घासली. यावरून काय समजायचं ते समज. कंपनी बुडाली हे ऐकून एवढंच म्हणाली, की बोट बुडाली तर फळी तरी हाताक लागता, ह्यांच्या कंपनीक फळी पण नाय.

आपल्याकडचं सांगते. भाईकाका बाबांची होडी नीट ठेवून आहेत. आता बोलायचं ते बोलते. आईला तुझ्याकडून एक गोष्ट हवी आहे. तोंडाने मागणार नाही, म्हणून मी मागते.

यंदाची नारळी पौर्णिमा बाबांच्या मागे पहिलीच. होडी पाण्यात घालायच्या आधी नारळ दर्याला देऊन गाऱ्हाणं घालायचं, ते इतकी वर्षं बाबा घालत आले. भाईकाकांना नुसतं मागे उभं राहून जाब द्यायची सवय. बाबा एक वाक्य बोलायचे, थांबायचे, आणि सगळे मिळून म्हणायचे, व्हय म्हाराजा. भाईकाका म्हणतात त्यांना व्हय म्हाराजा तेवढं पाठ आहे, बाकी सगळं लवू तांडेल, म्हणजे बाबा, घेऊन गेला. खाडीच्या तोंडावरच्या खडकांची नावं, वाऱ्यांची नावं, कुठल्या जागेवाल्या देवाला आधी हाक मारायची, हे कोणालाच पुरतं येत नाही. चुकीचं घालण्यापेक्षा न घातलेलं बरं, असं त्यांचं मत. आईला ते पटत नाही. तिने घरात एकदाच म्हटलं, की त्यांचा आवाज ऐकून भाई शिकतले.

तर तो आवाज पाठव. घरात दुसरा नाही. शेजारच्या धनेशच्या लग्नाच्या व्हिडिओत बाबा आहेत, पण बँडच्या गोंगाटात नुसतं तोंड हलताना दिसतं. तुझा खेळ माझ्या फोनवर होता. तेव्हा आईने ऐकायला साफ नकार दिला होता, तुला आठवत असेल. गाऱ्हाणं काय तमाशात घालायची गोष्ट आहे का, म्हणून बाबांशी आठ दिवस बोलली नव्हती. बाबांनी तरी देवळात जाऊन कौल घेतला, देवाच्या अंगावरची पाकळी उजवी पडली, तेव्हाच ते आवाज भरायला तुझ्याबरोबर धक्क्यावर आले. आईला म्हणाले होते, खेळातली होडी खोटी आसात, पण खेळणारे कोणाच्या तरी आवशी-बापाशीचे झील आसत, त्यांचा पण बरा होवंदे.

परवा आईने स्वतः माझा फोन मागितला. मी खेळ उघडला. पडद्यावर ते गोल चाक फिरत राहिलं, बास. अर्धा तास ती त्या चाकाकडे बघत बसली होती. मग फोन माझ्या हातात देऊन कांदे चिरायला गेली.

जेवतोस ना वेळेवर? तुझ्या त्या कुटीच्या गोष्टीवर मी हसले, मग हसू आवरलं.

आशीर्वाद आहेतच, त्यांचा उपयोग होईल असं काही कर.
उर्वशी


बेंगळुरू,
१४ मे

ती. ताईस,
सा.न.वि.वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी त्या कोर्टाच्या गृहस्थाकडे गेलो. चाक फिरतं कारण खेळ ज्या मोठ्या मशिनींवर चालायचा त्या बंद केल्या. वीज कोण भरणार? मी म्हटलं साहेब, मला खेळ नको, एका माणसाचा आवाज हवा आहे, चार मिनिटांचा. त्याने विचारलं तो कलाकार का. मी नाही म्हटलं. तो म्हणाला आवाज ही मालमत्ता आहे, मालाची यादी झाली, आता टाचणी पण हलवता येणार नाही. हलवली तर जे घेणार आहेत ते कोर्टात जातील. मी म्हटलं तो माझो बापूस आसा. चुकून मालवणीत बोललो. त्याने माझ्याकडे बघून चहा मागवला. माणूस वाईट नव्हता ताई, तेच जास्त लागलं.

सुशांत सरांना गाठलं. आवाज टिपायचं यंत्र कंपनीचं होतं, म्हणून माझ्या फोनवर काहीच नाही. सर म्हणाले तुझ्या वडिलांनी अंगठा दिला आहे की आवाज कंपनीचा. बाबा सही करायचे, पण त्या दिवशी हाताला वंगण होतं म्हणून अंगठा उठवला, आणि वर हसले होते की दर्याला काय कोणाचा अंगठा लागतो. सर स्वतः नोकरी शोधत होते. मला म्हणाले तू लहान आहेस, दुसरं काही बघ. साहेबलोक बुडाले की पोहायला बाकीच्यांना सांगतात.

लिलाव इथे आरडाओरड करून होत नाही. बंद खोलीत, आणि टेबलावर बाटलीतलं पाणी. धक्क्यावर निदान मासा डोळ्यांनी दिसतो. पुण्याचा स्टुडिओ एका सिनेमावाल्याने घेतला, आमचा बेंगळुरूचा एका शाळेच्या ॲपवाल्याने, तो पण खुर्च्यांसकट, माणसांविना. ‘सात गलबतं’ दुबईच्या कोणीतरी घेतला. तिन्ही भाग, सगळी गलबतं, ती हाकणारे सातही तांडेल, समुद्र. ताई, समुद्र पण विकला. आणि त्यात बाबा.

मी दुबईवाल्यांना इंग्रजीत मेल पाठवलं, खोलीतल्या पोराकडून लिहून घेतलं. उत्तर आलं की तुमचं म्हणणं आम्हाला महत्त्वाचं वाटतं. पुढे काही नाही.

सध्या एका हॉटेलात इडल्या उतरवतो. आईला हे सांगू नकोस, किंवा सांग, तिला माहीतच असेल असं होणार ते. पौर्णिमेपर्यंत आवाज आणतो. कसा ते विचारू नकोस.

रागावली असशील तरी पत्र टाक,
प्रितेश


विजयदुर्ग,
२७ जुलै

चि. प्रितेश यास,
अ.आ.

दोन महिने तुझं काही नाही. आईने एकदा विचारलं पोस्टमन मेला काय. मग आपणच म्हणाली, तसा काय नाय, बरो आसा तो.

या आठवड्यात जे झालं ते तुला कळायला हवं. मासेमारीच्या बंदीच्या दिवसांत आई सुकी मासळी घेऊन खारेपाटणच्या बाजाराला जाते, तशी गेली होती. मी बरोबर होते. शेजारी एक पोरगा मोबाइलची कव्हरं विकतो. गिऱ्हाईक नसलं की फोनवर खेळत बसतो. चाक फिरवायचं, नाणी पडतात, पुन्हा फिरवायचं. आई सुकटीचा वाटा लावत होती. आणि त्या पोराच्या फोनमधून बाबा बोलले.

बा रामेश्वरा, बारा वाटेच्या, बारा वाऱ्याच्या म्हाराजा.

तेवढंच. मग नाणी पडल्याचा आवाज. आणि प्रितेश, आईने हातातली सुकट तशीच धरून मोठ्याने जाब दिला, व्हय म्हाराजा.

अख्खी ओळ हसली. त्या पोराला वाटलं म्हातारी मस्करी करते, त्याने परत चाक फिरवलं. परत तेच. आईने परत जाब दिला. तिसऱ्यांदा फिरवलं, परत दिला. तेव्हा मी त्याचा हात धरला. पोर घाबरलं, म्हणालं काकी नुसता गेम आसा, पैशाचो नाय. आईने त्याला मूठभर सुकट बांधून दिली आणि त्याच्याकडून काही घेतलं नाही.

घरी येऊन तिने पाय धुतले आणि तुला काय लिहायचं ते सांगितलं. तिचेच शब्द लिहिते, माझं काही घालत नाही. म्हणाली, त्याका सांग, धक्क्यार त्या दिवशी तुझो बापूस दर वाक्यामागे थांबलो. जाब कोणी दिलो नाय. तू बाजूक उभो होतंस आणि यंत्रात आवाज मिसळतलो म्हणून तोंड मिटून रवलंस. बापूस घरी येवन माका म्हणालो, गाऱ्हाणा हवेत लोंबकळत रवला. मी माझो जाब दिलंय, बाजारात दिलंय, पण दिलंय. तुझो बाकी आसा.

पौर्णिमा तेरा दिवसांवर आली. भाईकाका देवळात जाऊन बसतात आणि परत येतात. तू येऊ शकशील का, एवढंच विचारते.

आईसकट सगळ्यांचा लोभ आहे असं लिहिलं असतं, पण ती ऐकते आहे आणि तिने मान हलवली नाही.
उर्वशी


बेंगळुरू,
११ ऑगस्ट

ती. आईस,
चरणी मस्तक ठेवून प्रितेशचा शि.सा.न.वि.वि.

हे पत्र तुला. ताई वाचून दाखवेल, पण तुला.

पौर्णिमेला आलो नाही. भाईकाकांनी नुसता नारळ दर्यात सोडला आणि हात जोडले, ताईने फोन करून सांगितलं. तू धक्क्यावर गेली नाहीस तेही सांगितलं.

इडल्यांचं काम मी जूनमध्येच सोडलं होतं. ते चाक फिरवायचा खेळ दुबईवाल्यांचा, पण इथल्याच एका ऑफिसात ठेकेदाराची माणसं तो तपासतात. मी तिथे लागलो. आवाजाच्या मागे लागलो म्हण. इथे बाबा आहेत हे मला ताईच्या पत्राआधी माहीत होतं, आणि मी लिहिलं नाही. पुरतं गाऱ्हाणं हाताला लागल्यावर एकदम पाठवेन, असं मनात होतं.

ते हाताला लागणार नाही, आई. बाबा धक्क्यावर जे अख्खं बोलले ते नाहीच. विकताना जागा वाचवायला पुसून टाकलं. उरलेत तुकडे. एकात खडकांची नावं, एकात वाऱ्यांची, एकात झिलांचा बरा कर म्हणालेले ते. चाक थांबलं की त्यातला कुठलाही वाजतो. ऑफिसात फोन नेऊ देत नाहीत, म्हणून कागदावर उतरवून भाईकाकांना पाठवतो आहे, पण कोण आधी कोण मागून ते मला ठाऊक नाही. कुठल्या जागेवाल्याला आधी हाक मारायची, तेच त्यात नाही.

माझं काम म्हणजे दिवसभर चाक फिरवायचं. कानात बाबा. तुझा निरोप आला त्या दिवसापासून मी दर वेळी जाब देतो. मोठ्याने देतो. शेजारचे पोरगे हसले, मग सवय झाली त्यांना. साहेबाने बोलावून विचारलं काय बडबडतोस, मी सांगितलं आवाज तपासतो.

पण जाब बसत नाही. तुकडे करताना मधली थांबण्याची जागा कापली. तिथे नुसती लाट वाजायची, ती फुकटची म्हणून टाकून दिली. बाबा म्हाराजा म्हणतात, मी तोंड उघडतो, आणि माझं व्हय संपायच्या आत त्यांच्यावर नाणी पडतात, की दुसरा तुकडा सुरू. रोज सकाळी घाई करून बघतो. कधी लवकर होतं, कधी उशिरा.

आई, बाबा आता कोणासाठी थांबत नाहीत.

तू मान हलवलीस की नाही ते ताईला लिहायला सांग.

तुझो,
प्रितेश