पाहुणा हरवला तो दिवस

प्रिय धाकटे,

पाकीट उघडल्या उघडल्या ‘आली ताईची भुणभुण’ म्हणशील, ठाऊक आहे मला. खुशाल म्हण, पण शेवटपर्यंत वाच. बोट तयार आहे. वारे फिरायच्या आत निघालो नाही तर हे वर्ष गेलंच, आणि पुढच्या वर्षी सुतारकाकांचे गुडघे त्यांना बोटीवर चढू देतील असं काही दिसत नाही. चौथं माणूस मात्र अजून मिळालेलं नाही. मी, सुतारकाका आणि नर्सबाई, एवढ्या तिघांनीच महासागर ओलांडायचा म्हणजे झोपेचं खोबरंच.

आपल्या अप्पांनी अर्धवट टाकलेला बोटीचा तो सांगाडा तू आता ओळखणार नाहीस. तळाला नवा रंग, शिडं नवी, पाण्याच्या टाक्या आतून घासून काढल्यात. सुतारकाकांनी प्रत्येकाची झोपायची फळी मापाने कापली. नर्सबाई झोपेत हातपाय झाडतात म्हणून त्यांच्या फळीला उंच कठडा लावला, तर बाईंनी दोन दिवस अबोला धरला. स्टोव्ह असा टांगलाय की बोट कितीही कलली तरी तो सरळच राहतो. मी त्यावर चहा करून पाहिला. सांडला नाही, पण प्यायलाही कुणी नाही.

सगळ्यात जास्त घाम गाळला तो पाण्यात पडलेल्याला वर काढायच्या सरावावर. पोत्यात चिंध्या कोंबून, वर अप्पांचा पिवळा रेनकोट चढवून एक बुजगावणं केलंय. त्याला आम्ही ‘पाहुणा’ म्हणतो, कारण तो न सांगता पाण्यात जातो. पुढचा नियम तुझ्या अंगवळणी पडलेला आहेच. जो आधी ओरडेल त्याने बाकी काही करायचं नाही, डोळ्यांत तेल घालून पडलेल्याकडे हात रोखून उभं राहायचं. इतरांनी त्या हातावर भरवसा ठेवून बोट वळवायची. लाटांत माणसाचं डोकं चेंडूएवढं दिसतं, नजर हटली की संपलं.

गेल्या आठवड्यात मी ओरडले आणि मीच हात रोखला. बोट झकास वळली, शीड उतरलं, सुतारकाका लांब दांड्याचा आकडा घेऊन वाकले. आकड्याला काय लागावं? कोणाच्या तरी जाळ्याचा पांढरा तरंगा! पाहुणा पार मागे, भलतीकडेच. मी भडकले. सुकाणूवर नर्सबाई होत्या, त्यांना म्हटलं, तुम्हाला पाहुणा दिसत नव्हता का? तर म्हणतात, दिसत होता की, चांगला पिवळाधमक. पण तुमचा हात तिकडे होता, म्हटलं आपलंच चुकत असेल. सुतारकाकाही मान खाली घालून म्हणाले, मलाही दिसला होता. धाकटे, विचार कर गं. तिथे खरंच माणूस असतं, तर या दोघांनी त्याला डोळ्यांदेखत बुडू दिलं असतं, पण माझा शब्द मोडला नसता!

आमची बोलाचाली होईतो पाहुणा लाटांत दिसेनासा झाला, तो दुसऱ्या दिवशी एका मच्छीमाराने आणून दिला. बिचाऱ्याने आधी पोलीस बोलावले होते. मी तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर डाग आहे. जवळचं दिसतं, दूरचं नेमकं मधलंच पुसट होतं, आणि त्यावर चष्मा नाही की ऑपरेशन नाही. डॉक्टर म्हणाले, सहल रद्द करा. सहल म्हणे! घरी येऊन मनसोक्त रडले, तोंड धुतलं आणि दोर तपासायला बसले. बोट जाणार म्हणजे जाणार.

गेल्या वर्षी तू तोंडावर सांगितलंस, ताई, तुझ्या हाताखाली मी येणार नाही. आता वाटेल, ही पुन्हा चौथ्या जागेसाठी गळ घालतेय. नाही गं बाई. ती जागा भरली, स्टोव्हसमोरची. तिथे मी आहे. मला तू हवी आहेस ती कप्तान म्हणून. तळ्यावर पोरांना होड्या हाकायला किती दिवस शिकवणार? लोकांच्या बोटींवरून महासागर दोनदा पार केलास, आता आपल्या बोटीवरून कर. दोघांना सांगून झालंय. नर्सबाईंनी हळूच सुटकेचा निःश्वास सोडला, तो मला दिसला, जवळच बसल्या होत्या. सुकाणूशेजारची माझी फळी काल तुझ्या उंचीएवढी लांब करून घेतली. एकच मागणं आहे. तू आलीस की पहिल्या सरावाला पाहुणा नको. अप्पांचा रेनकोट घालून मी पाण्यात उतरेन, हात तू रोख. आणि या दोघांना आधी हे शिकव, की कप्तानाचा हात चुकतोय असं वाटलं तर गळा फाडून ओरडायचं. तोवर मी तरंगत राहीन, माझी काळजी नको. तू मला शोधशीलच.

तुझीच, आणि यापुढे तुझ्याच हुकमातली,
ताई