शंभराच्या वरचा आकडा

प्रिय अंबू,

तू जाऊन अकरा महिने झाले. आणखी एक महिना कळ काढून वर्षश्राद्धाला लिहिलं असतं तर शोभलं असतं. पण तोवर थांबायला जमणार नाही. मला भीती वाटतेय रे! आयुष्यभर वर्तमानपत्रात दुसऱ्यांच्या टोप्या उडवून पोट भरलं, आता स्वतः घाबरलोय हे सांगायला मेलेला मित्रच बरा. तू निदान चौकात जाऊन सांगणार नाहीस.

सोमवारी आपल्या 'उतारा'च्या पानावर एक तक्रार आली. 'उतारा' म्हणजे काय, हे मी लोकांना कसं सांगायचो आठवतं? "शेताचा सातबारा असतो की नाही, तसा हा कॉम्प्युटरचा. एक शब्द टाइप करा; प्रोसेसर कुठला, मेमरी किती, डिस्क किती भरली, आत किती तापलंय, सगळं एका पडद्यावर. तलाठ्याला भेटायची गरज नाही." कुणीही फुकट घ्यावा, आतलं लिखाण उघडून वाचावं, चूक दिसली तर कळवावी. प्रोग्राम तू लिहायचास. माहितीपुस्तिका आणि तक्रारींची उत्तरं माझ्याकडं. तू गेल्यावर सगळ्याच किल्ल्या माझ्याकडं आल्या.

तक्रार करणारी बाई उत्तरेकडच्या एका लहानशा रक्तपेढीचे कॉम्प्युटर सांभाळते. गेल्या आठवड्यात त्यांचा मुख्य कॉम्प्युटर जळाला. खोलीत धूर झाला. कुणाला इजा नाही झाली, पण कुठल्या पिशवीची कुठली तपासणी झाली त्या नोंदी त्यात होत्या. सगळ्या पिशव्या पुन्हा तपासेपर्यंत रक्त देणं बंद. आलेल्या नातेवाइकांना दुसऱ्या शहरात पिटाळलं. एवढं सांगून बाई विचारते, "मी दिवसभर तुमचा उतारा बघत होते. सकाळपासून तो नव्व्याण्णव दाखवत होता. शेवटपर्यंत नव्व्याण्णवच. तो चुकू शकतो का?"

बस, एवढंच. एक शिवी नाही की एक टोमणा नाही. रागावली असती तर मीही चार टोले हाणून मोकळा झालो असतो. बेचाळीस अंशांच्या उन्हात माझे हात गार पडले, अंबू. कारण उत्तर मला माहीत होतं.

त्या पाच ओळी! तापमान शंभराच्या वर गेलं, तर सेन्सर बिघडलाय असं धरायचं आणि आधीचा चांगला आकडा तसाच पडद्यावर ठेवायचा. कॉम्प्युटर एकशे आठवर जाऊन उकळत असला तरी आपला उतारा शांतपणे सांगणार, नव्व्याण्णव.

आता एक घाण गोष्ट सांगतो. पहिल्यांदा मला काय वाटलं असेल? सुटलो! ओळी तू लिहिलेल्या. मनात उत्तराचा मसुदासुद्धा तयार झाला: "मूळ लेखक आता हयात नाहीत, तरीही आम्ही सखेद..." 'सखेद' हा शब्द मी आजवर किती पुढाऱ्यांच्या तोंडातून काढून चौकात टांगलाय! आणि वेळ आली तेव्हा तोच पहिला माझ्या तोंडात. मेलेला माणूस फार सोयीचा असतो बघ, खुलासा मागत नाही.

तुझं नाव पक्कं करावं म्हणून मी बदलांचा इतिहास उघडला. तिथं प्रत्येक बदलापुढं तारीख, नाव आणि एका ओळीचं कारण असतं. तुझ्या त्या पाच ओळींपुढं तू लिहून ठेवलं होतंस: 'शिवाच्या सांगण्यावरून.'

दोन शब्द. शिवा म्हणजे मीच. आणि ती सगळी दुपार पुन्हा समोर उभी राहिली. मे महिना, तुझं पत्र्याखालचं कॉम्प्युटरचं दुकान, शेजारच्या मागांचा खडखडाट. जुने सेन्सर मधूनच एकशे सत्तावीस नाहीतर दोनशे पंचावन्न असले अचाट आकडे फेकायचे आणि आपण ते लाल अक्षरांत दाखवायचो. त्यावरून एका टॉवेलवाल्या कारखानदाराचा तुला फोन आला. स्पीकरवर होता.

"अंबादास, कॉम्प्युटर पेटालाय की काय माझा? लाल लाल दिसालंय!"

"पेटंना मालक. सेन्सर गंडलाय."

"मग लाल कशाला दाखवालास रे? माणूस भ्यानं मरंल की!"

तू फोन ठेवलास आणि मी चहाचा कप हातात घेऊन अक्कल पाजळली. "अंब्या, शंभराच्या वर गेलं की सेन्सर मेला समज आणि जुना आकडा ठेव. लोकांना खरं नको असतं, झोप पाहिजे असते. मी पेपरात आहे, मला विचार."

"आन् खरंच तापलं तर?" तू विचारलंस. विचारलं होतंस तू!

"सोलापुरात शंभराला ताप म्हणत नाहीत. हवामान म्हणतात."

"ऊरुको रा!" म्हणजे 'गप रे', असं तेलुगूत म्हणून तू खो खो हसलास आणि माझ्यासमोर त्या ओळी लिहिल्यास. का ऐकलंस माझं? तुला यंत्र कळत होतं, मला फक्त वाक्य जमत होतं. वाक्य चांगलं जमलं म्हणून तू यंत्राचं ऐकणं सोडलंस?

याहून वाईट पुढं आहे. जुन्या तक्रारी चाळल्या. त्यानंतर दोन वर्षांनी परदेशातल्या एका विद्यार्थ्यानं लिहिलं होतं, "माझ्याकडं तापमान नव्व्याण्णववर अडकतं. काहीतरी चूक आहे." त्याला मी उत्तर दिलं होतं, "आमच्या गावात नव्व्याण्णव म्हणजे सकाळचे आठ. स्वेटर घाला." आणि तक्रार बंद केली होती. खाली बाराजणांनी हसरे चेहरे टाकले होते. त्या पोरानं पुन्हा कधी काही लिहिलं नाही. बरोबर तोच होता, अंबू, आणि गप्प बसवला मी.

तेव्हापासून मला धड जेवण जात नाही. कारण आपला उतारा कुणाकुणाकडं आहे, हे आपल्याला ठाऊकच नाही! फुकट दिलेल्या वस्तूची यादी कोण ठेवतो? तू अभिमानानं म्हणायचास, "आपलं पाखरू कुटं कुटं बसलंय कुनाला म्हाईत." आता तेच वाक्य मला रात्री उठवून बसवतं. आत्ता, हे लिहीत असताना, कुठल्या बंद खोलीत कुठलं यंत्र उकळतंय आणि त्याच्यासमोर बसलेलं माणूस आपल्या नव्व्याण्णववर विश्वास ठेवून बसलंय? कुणाला फोन करू?

बुधवारी पद्मावहिनींकडं गेलो. जाहीर करण्याआधी त्यांना सांगणं भाग होतं. 'उतारा'चं पहिलं पान, तुझ्या नावासकट, त्यांनी छापून चौकटीत लावलंय, देवांच्या शेजारी. त्याखाली बसून मी घसा साफ केला.

"वहिनी, त्यात अंबूची एक चूक सापडलीय. लोकांना सांगावी लागेल."

भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्यांची एकट्याची?"

काय बाई आहे रे तुझी! मी म्हटलं, "नाही. सांगितलं मी होतं."

"मंग आधी तुमचं नाव लिवा की. जिता मानूस असताना मेलेल्याला म्होरं कशाला ढकलालाव, भावजी?"

मी सगळं सांगितलं. शंभर, सेन्सर, जुना आकडा. त्यांचा हात थांबला.

"त्यांचं बीपी पन असंच व्हतं," त्या म्हणाल्या. "पयला आकडा आला की म्हनायचे, मशीन खराब हाय, परत बांध. तिसऱ्यांदा जरा खाली आला की म्हनायचे, हां, ह्ये बरोबर. आन् डॉक्टरला त्योच सांगायचे."

अंबू, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. रोज संध्याकाळी आपण चहा प्यायचो! शेवटच्या महिन्यात तू डोकं धरून बसायचास आणि मी म्हणायचो, "काय, जावई झाल्यासारखा रुसलायस?" विचारलं नाही ते नाहीच. दुकानातच तू कोसळलास, तेव्हासुद्धा पहिल्यांदा मला वाटलं, नाटक करतोयस.

वहिनी उठल्या, आतून ते मशीन घेऊन आल्या. "हात द्या हिकडं."

"मला कशाला?"

"पंख्याखाली बसून घामाघूम झालाव, म्हनून."

पट्टा आवळला, सुटला, आकडा आला. तो इथं लिहीत नाही, तू वर काळजी करशील. माझ्या तोंडून निघालं, "वहिनी, मशीन..." आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"बोला की. फुडं बोला."

मी शर्टाची बाही खाली ओढली. "मी परत बांधनार न्हाई," त्या म्हणाल्या. "ह्योच आकडा घिऊन डॉक्टरकडं जायाचं." गेलो. गोळी सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, आधी का आला नाहीत? ह्या प्रश्नाला डॉक्टरकीत वेगळा पेपर असतो बहुतेक.

घरी येऊन त्या बाईंना उत्तर लिहिलं. "हो, चुकू शकतो. चुकला. ते माझ्या सांगण्यावरून झालं." त्यांचं लगेच उत्तर आलं, "मग बाकीच्यांना कधी सांगताय?"

गुरुवारी, तुझंच बाकीचं लिखाण बघत बघत, त्या पाच ओळी काढल्या. तुझ्या हातच्या ओळी खोडताना वाटलं की आता तू दारातून येशील आणि कॉलर धरशील. आला असतास तर बरं झालं असतं. आता आकडा जसा असेल तसा दिसेल. अगदीच अचाट, सव्वाशेच्या वर असेल तर शेजारी लिहून येईल, 'सेन्सरची शंका आहे, यंत्र तपासा.' तुझ्या दुकानातला जुना कॉम्प्युटर माझ्याकडंच आहे. त्याच्यावर चालवून पाहिलं. एकशे चार! खोक्याला हात लावला तर चटका बसला. किती वर्षं तो आपल्या दोघांच्या नाकासमोर एकशे चारवर तडफडत होता? मी घाईघाईनं तो बंद केला.

दोघांनी वाचल्याशिवाय काही बाहेर सोडायचं नाही, हा आपला नियम. तू नाहीस, मग दुसरा कोण? शेवटी त्या रक्तपेढीतल्या बाईंनाच विचारलं. जिचं नुकसान केलं तिलाच तपासायला बसवायचं, निलाजरेपणाची हद्द झाली! पण त्यांनी वाचलं, आणि माझी चूक काढली. फॅरनहाइट वापरणाऱ्यांचा मला विसरच पडला होता. त्यांच्याकडं सव्वाशे म्हणजे जेमतेम कोमट. धडधाकट यंत्रावरसुद्धा शंकेची पाटी झळकली असती. म्हणजे एकट्यानं सोडलं असतं तर भीती घालवायला जाऊन नवी भीती पसरवत सुटलो असतो.

ते दुरुस्त झालंय. आता फक्त नवा उतारा बाहेर सोडायचं एक बटण दाबायचंय, आणि ते नेहमी तू दाबायचास. शुक्रवारची सकाळ आहे, अकरा वाजलेत, आणि हे पत्र मी बटण लांबवण्यासाठी लिहितोय हे तुला केव्हाच कळलं असेल. सोबत जाणारी सूचना अशी आहे: "आजवर शंभराच्या वरचं तापमान आम्ही लपवत होतो. कल्पना शिवानंदची, लेखन अंबादासचं. हे आधी एका विद्यार्थ्यानं सांगितलं होतं. तो बरोबर होता आणि शिवानंदनं त्याची थट्टा केली. आजच यंत्र तपासा." लोक शिव्या घालतील. घालू देत. मला भीती त्यांची वाटते ज्यांच्यापर्यंत ही सूचना पोहोचणारच नाही.

भीती जाणार नाही, अंबू, आणि ती घालवायचं वचनही मी देत नाही. एवढंच देतो: पान बंद करणार नाही, नवा दुसरा वाचणारा शोधीन, आणि यापुढं कुणी लिहिलं की 'काहीतरी चूक आहे', तर मला कितीही झकास वाक्य सुचलेलं असो, आधी विचारीन, "किती दाखवतंय?" आणि त्याचं उत्तर येईपर्यंत जीभ दाताखाली धरून बसेन.

दाबतो.

तुझ्या पाच ओळींचा निम्मा गुन्हेगार,
शिवा