चीड की गवत

३ मार्च
संचालक शेवटी तयार झाले! आठवडाभर हवेतले परागकण फक्त माझं इन्फ्रारेड मशीन ओळखणार. गच्चीवरच्या पट्टीला चिकटलेले पराग काचेवर ठेवायचे, किरण सोडायचे. प्रत्येक जातीचा आलेख अंगठ्याच्या ठशासारखा वेगळा. दोन मिनिटांत उत्तर. शेजारच्या खोलीतल्या आमच्या ज्येष्ठ बाई बावीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून एकेक कण मोजतायत. म्हटलं, आठवडाभर डोळ्यांना आराम द्या. त्या म्हणाल्या, डोळ्यांनी तक्रार केली नव्हती. मत्सर. समजू शकतो.

४ मार्च
ताईचा फोन. आई गेल्यावर हिनंच मला वाढवलं. गवताचे पराग वाढले की हिचा दमा उसळतो. आता रोज आमच्या संस्थेचं परागकणांचं पत्रक बघूनच फिरायला निघते. शेजारणींना सांगते, आमच्या धाकट्याचं मशीन आहे. ऊर भरून आला.
संकल्प: प्रत्येक नमुन्यानंतर काच स्पिरिटनं पुसायची. न चुकता.

६ मार्च, संध्याकाळ
पाहुण्यांना मशीन दाखवलं. चीड वृक्षाचे पराग ठेवले, मशीननं क्षणात ओळखले. टाळ्या. पुसापुशी उद्या.

७ मार्च, सकाळी ८
आजचा नमुना: आलेख चीडशी ५८ टक्के जुळतो, गवताशी ५५. ऐंशीच्या खाली जाहीर करायचं नाही, हा नियम माझाच. पण नियम मार्गदर्शनापुरते असतात. शिवाय संस्थेच्या अंकासाठी फोटोग्राफर खोळंबला होता. लिहिलं, 'चीड. निरुपद्रवी. फिरायला उत्तम दिवस.' शेवटचं वाक्य माझी भर. विज्ञानात थोडा जिव्हाळा हवा.

७ मार्च, संध्याकाळ
भाऊजींचा फोन. ताई हॉस्पिटलमध्ये. बागेत दम लागला, ओठ निळे पडले. ऑक्सिजन लावलाय.
धुळीनं झालं असेल. काल तिनं माळा आवरला असेल. ती ऐकते कुठं कुणाचं!

८ मार्च
बाई जेवायला गेल्यावर कालची उरलेली पट्टी त्यांच्या मायक्रोस्कोपखाली धरली. गवत. पट्टी सरकवली. गवत. पुन्हा गवत. चीड औषधालाही नाही. मग मशीनची काच पुसली. कापसावर पिवळी पूड आली. परवाच्या टाळ्यांची.
तेवढ्यात बाई आल्या. काय दिसलं, विचारलं. तोंडातून निघालं, चीड. त्या म्हणाल्या, "मलाही यायला लागलीय," आणि हात धुवायला गेल्या.

९ मार्च
ताईला आज सगळं सांगायचंच, असं ठरवून गेलो. संत्री नेली. तिनं मास्क बाजूला करून नर्सला सांगितलं, हा माझा धाकटा, ह्याच्या मशीनच्या भरवशावर मी बाहेर पडते. नर्सनं सासूबाईंसाठी पत्रक कुठं मिळतं ते विचारलं. मी सांगितलं. तेवढंच सांगितलं.
रुग्णाला धक्का देऊ नये. हे वैद्यकीय कारण आहे.
संत्री मीच सोलली आणि बोलता बोलता मीच संपवली.

१० मार्च
दुरुस्तीचा मजकूर लिहिला. 'तांत्रिक कारणामुळे' अशी सुरुवात केली. फाडला. असे तीन. चौथ्यात एवढंच आलं, 'मी काच पुसली नाही.' इतकं छोटं वाक्य बरं दिसत नाही म्हणून तोही फाडला.
बाईंनी टेबलावर कागद ठेवला. सात तारखेची त्यांची मोजणी. गवताचे ४१२ कण. संचालकांकडे तुम्ही नेता की मी, त्यांनी विचारलं. म्हटलं, मीच, तासाभरात. त्या तिथंच उभ्या राहिल्या. लगेच गेलो. प्रयोग बंद. दुरुस्ती छापली. संचालक ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

१२ मार्च
ताई घरी आली. भाषण पाठ करून गेलो होतो, दुसरंच वाक्य विसरलो. तरी सगळं सांगितलं. फोटोग्राफरचंही. ती टॉवेलच्या घड्या घालत ऐकत होती. मग म्हणाली, "बाई शेजारच्याच खोलीत होत्या ना?"
"हो."
"मग विचारायचं होतंस रे."
चहा दिला, साखर बेताची, मला आवडते तशी. म्हणजे माफ केलं. किती हलकं वाटतंय! उगाच चार दिवस जीव टांगणीला लावला.

१३ मार्च, सकाळी ८
पत्रकावर दोन नंबर असतात, एक माझा, एक बाईंचा. बाईंचा फोन वाजला. दार उघडंच होतं.
"कोण? अच्छा, त्यांच्या ताई का? हो, मीच मोजलेत. आज गवत जास्त आहे, घरातच थांबा. उद्याही फोन करा ना, त्यात काय!" मग जरा वेळ नुसतं ऐकत राहिल्या. मग आवाज खाली आणून, "नाही, नाही. त्यांना नाही सांगत."