दुकान धाकट्याला, तपासणीनंतर

दिनांक ९ नोव्हेंबर. सकाळी दुकान उघडले, एका टेम्पोची सीट शिवून दिली. दुपारी वकील, डॉक्टर आणि शेजारचे घड्याळवाले आले.

मी, गाड्यांच्या सीटा शिवणारा, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणीही भरीस न घालता हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांनी खात्री करून घेतली आहे.

राहते घर व बँकेतली शिल्लक थोरल्या सुनेची. थोरला मुलगा मागच्या वर्षी वारला. तिला या घरातून कोणी ऊठ म्हणू नये.

थोरल्याने स्वतःसाठी कापलेली, मधे भोक असलेली फोमची गादी कोणाला देऊ नये, टाकून द्यावी. आमच्या घरात बुडाशी दुखले की दोष सीटला. त्यानेही फोम बदलला, मग भोक मोठे केले. "मूळव्याध आहे, जाईल," म्हणायचा. माझ्या साडूने मलम आणून दिले, त्यात आणखी दिवस गेले. साडूला माझ्या मयताला बोलावू नये. ते गुदद्वाराशेजारचे गळू होते. थंडी वाजून ताप भरला तेव्हा कळले. विष रक्तात पसरले होते. डॉक्टर नंतर म्हणाले, "मूळव्याध, चीर, गळू, माकडहाड, कमरेत दबलेली नस. दुखतं तिथंच, पण कारणं वेगळी. बघितल्याशिवाय मी तरी काय सांगू?"

दुकान, शिलाई मशीन व हत्यारे धाकट्याला. मात्र त्याने आधी डॉक्टरांकडून स्वतःला तपासून घ्यावे. हल्ली तो उभ्यानेच जेवतो. विचारले तर म्हणतो, "बाबा, दिवसभर बसून कोणाचं दुखत नाही?" त्याच्या वहिनीने, म्हणजे थोरल्या सुनेने, टोमणा मारला, "भाऊजी, डॉक्टरांनी तुमच्यापेक्षा देखणी बुडं बघितलीत. लाजता कशाला?" तो हसला, पण गेला नाही.

वकील म्हणाले, "काका, ही अट तुम्ही गेल्यावर लागू होणार. तोवर त्याचं दुखणं थांबून राहणार आहे का?" दुसरे काही माझ्या हातात नाही, म्हणून अट ठेवली आहे.

आज डॉक्टर दारात दिसताच धाकटा तयार सीट खांद्यावर टाकून मागच्या दाराने निघून गेला. डॉक्टर बराच वेळ थांबले. "उद्या पाठवा त्याला," म्हणाले. मी हो म्हणालो. कसे पाठवू?

वरील मजकूर वाचून मी सही केली. साक्षीदार डॉक्टर व घड्याळवाले यांनी माझ्या समोर सह्या केल्या. ठिकाण, दुकान.

सगळे गेले. धाकट्याचा फोन बंद लागतो. चहाचे कप विसळून पालथे घातले.