आजोबांना घातलेला हार

दोहा

ती. विजय भावोजी,

हेमचंद्रचा दंडवत. ताईच्या गुडघ्याला रोज तेल लागतंय ना? आम्ही ठीक आहोत. मी जरा दमलोय, त्याचीच ही हकीकत.

आमच्या मंडळाने यंदा एका जर्मन नाटकाचा मराठी प्रयोग केला. नाटककार अलोइस ब्रेनवाल्डर, राहणार ऑस्ट्रिया. (तिथेही जर्मनच बोलतात, हे मला पन्नाशीत कळलं.) आमची ईशा त्यात सुताराची बायको. घरी मराठीला इंग्रजीत उत्तर देणारी ही पोर महिनाभर मराठी घोकत होती, म्हणून मीही जोमात. सुरुवातीचा नाटककाराचा परिचय माझ्याकडे आला, कारण आरतीत माझा आवाज बरा लागतो.

माणूस मला आवडला. बेकरीवाल्याचा मुलगा, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून. पहिल्या नाटकाला कोणी हसलं नाही. दुसऱ्याला लोक भलत्याच जागी हसले, तर याने त्या जागा तशाच ठेवल्या आणि पुढे जन्मभर विनोदीच लिहिलं. आता भावोजी, आपल्या शाळेत ज्याचं चरित्र सांगत तो गेलेलाच असे. त्याच हिशोबाने मी फोटोला हार घातला, उदबत्ती लावली आणि भरल्या गळ्याने सगळ्यांना दोन मिनिटं उभं केलं. (एसी तेवढा घरघरत होता.) तेवढ्यात लॅपटॉप सांभाळणारा तनवीर कानाशी आला, "हेमचंद्रभाई, साहब तो ऑनलाइन बैठे हैं. चाय पी रहे हैं."

प्रयोग घरबसल्या बघायला मिळावा, या एकाच अटीवर त्यांनी परवानगी दिली होती म्हणे. मला कोणी सांगितलंच नव्हतं. विंगेतून ईशा फणकारली, "बाबा, इफ ही कॅन्सल्स द शो, आय अ‍ॅम नेव्हर स्पीकिंग मराठी अगेन!" मी मनात अथर्वशीर्ष सुरू केलं. भीतभीत स्क्रीनकडे पाहिलं, तर म्हातारा कप ठेवून उठला आणि स्वतःसाठीच मान खाली घालून उभा राहिला. दोन मिनिटं पुरी झाल्यावर बसला आणि इथले अरब 'यल्ला', म्हणजे चला, होऊ दे सुरू, म्हणतात तसा हात हलवला.

नाटक छान झालं. ईशा गाडीत अल रय्यानला घरी पोचेपर्यंत माझ्याशी भांडली, पण मराठीत. कान निवले.

आपला,
हेमचंद्र

ता. क. : म्हाताऱ्याला परवापासून खोकला झालाय, असं कळलं. हार माझ्या हातचा, त्यामुळे जीव थाऱ्यावर नाही. ग्रामदैवताला त्यांच्या नावे अभिषेक करवा. गोत्र माहीत नाही, काश्यप सांगा. नाव गुरवाच्या जिभेवर बसलं नाही तर नुसतं 'आजोबा' म्हणू दे, देवाला कळेल.

पुन्हा ता. क. : अभिषेक या सोमवारीच उरका. पुढचा प्रयोग इथल्याच एशियन टाउनला आहे आणि हार पुन्हा मीच घालावा, असा त्यांचा निरोप आहे. फुलं मात्र ताजी हवीत म्हणतात.