भाऊ, आखाडा का सोडलास ते कळलं

भाऊ,

चौथी शिकलेली बाई मी, पत्राची सवय नाही. पण रविवारी इथे सुरतेत पांडेसऱ्याच्या मैदानात पोरं तुझ्या नावाने टेनिस बॉलच्या मॅच ठेवताहेत. मला म्हणाली, मावशी, पैलवानाचा अंपायर कसा झाला ते माइकवर सांगा. मला कुठे माहीत होतं? तू कधी धड सांगितलंस का? विचारलं की गुडघा दाखवायचास.

सगळे म्हणतात, तुझे मोडके कान बघूनच तुला अंपायर म्हणून उभं केलं. खोटं नाही ते. मिलची तापट पोरं, एका रनावरून बॅटी उगारायची. तू मध्ये गेलास की चिडीचूप. निकालच लागेना तर जत्रेतल्यासारखे दोन्ही कप्तानांचे हात वर करून म्हणायचास, कुस्ती बरोबरीत. क्रिकेटमध्ये असं असतं का रे? पण भांडण मिटायचं.

आणि माझा प्रवीण? त्या फायनलला तू त्याला रनआउट दिलंस. फायनल जिंकली तर टीमच्या शेठने त्याला नोकरी कबूल केली होती, ती गेली. मी भर मैदानात ओरडले, "भाच्याचं वाटोळं करणारा मामा बघा!" तू मान खाली घालून स्टंप नीट करत राहिलास. दोन वर्षं मी राखी बांधली नाही. तिसऱ्या राखीला तूच नव्हतास.

माइकवर काय बोलू, म्हणून परवा पर्वत पाटिया भागात भगवान पैलवानाकडे गेले. तुझी शेवटची कुस्ती त्याच्याशीच ना? आता साडीच्या मार्केटात वॉचमन आहे. आधी हसला, म्हणाला, तुझा भाऊ डाव कमी टाकायचा, भाकरी जास्त हाणायचा. मग मी विचारलं, त्याने आखाडा का सोडला? चहाचा कप खाली ठेवून तो म्हणाला,

"मनी पाठ टेकनीच नव्हती, बहीन. तुना भाऊले मालूम व्हतं."

त्याची पाठ मातीला लागलीच नव्हती, पण पंच आपल्याच गावचा. घाईने तुझा हात वर केला, लोकांनी तुला खांद्यावर घेतलं, आणि तू गप्प बसलास. त्या हारीपायी भगवानला वस्तादाने तालमीतून काढलं. तू पुन्हा मातीत उतरला नाहीस, सुरतेला पळून आलास. दर दिवाळीला त्याच्याकडे जायचास म्हणे. चहा प्यायचास, उठायचास. एक वाक्य बोलायला काय झालं होतं तुला?

पण मी कोणत्या तोंडाने विचारते! प्रवीणची बॅट रेषेच्या हातभर अलीकडे होती. मी कडेलाच उभी होते, भाऊ. मलाही दिसलं होतं. तरी तुला बोलले.

हे माइकवर सांगायचं म्हटलं तर वहिनी म्हणते, मेलेल्या माणसाची अब्रू कशाला काढता? प्रवीण तर दोन दिवस बोलत नाही माझ्याशी. तू असतास तर हो म्हणाला असतास की नाही, ते मला सांगता येत नाही.

तरी ऐक. रविवारी भगवानला मी रिक्षात घालून आणणार. ती कुस्ती त्याची होती, हे सगळ्यांसमोर सांगणार. पण त्याआधी सांगणार, माझा पोरगा आउट होता आणि मी ते पाहिलं होतं. लाज निघेल, निघू दे. तुझी एकट्याची नाही निघायची.

तुझ्यावर अजून चिडलेली,
तुझीच इंदू